चुन्याखालची अक्षरं

दोन हजार सहा साली बोरी अरबला गोरा माणूस दिसला, की लोक त्याला थेट कपाशीच्या वावरात नेत. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी रोज पेपरात. दुसऱ्या कशासाठी कोण कशाला येईल? अमेरिकेहून आलेल्या एलिनोरबाईंचंही तेच झालं. दोन वावरं तुडवून त्या माझ्या शाळेत पोचल्या, कारण इंग्रजी शिकवणारा मी एकटा. बाईंना कापूस नको होता, पूर्वज हवा होता.

घराणं मूळचं इंग्लंडचं. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा त्यातला टॉमस जहाजानं व्हर्जिनियाला गेला. त्याच्यापासूनच्या नऊ पिढ्या बाईंना तोंडपाठ. पण टॉमस इंग्लंडातल्या कुठल्या गावचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या बायबलात ते लिहिलं होतं, ते बाईंच्या पणजोबांचा भाऊ जोनाथन इकडे घेऊन आला. कापसातली सरकी काढायची, जिनिंगची यंत्रं बसवायला आला आणि पटकीनं इथंच गेला. बायबलही हरवलं. शेवटच्या पत्रात मात्र त्यानं लिहिलं होतं, माझ्या कबरीच्या दगडावर आपल्या मूळ गावाचं नाव कोरायला सांगितलंय. बाईंनी सत्तरी ओलांडली होती. पुन्हा येणं काही व्हायचं नव्हतं.

मी त्यांना नजीर मिस्त्रीकडे नेलं. नजीर बंद पडलेल्या जिनिंगचा फिटर, आता पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. बोलणं कमी, ऐकणं त्याहून कमी. त्याच्या पणजोबाला, रहीमला, याच जोनाथन साहेबानं हमालीतून उचलून हातात पाना दिला. तेव्हापासून घराला पोटापुरती विद्या मिळाली. म्हणून दर शबे-बरातीला घरच्या कबरींना चुना मारताना साहेबाच्या दगडालाही एक हात द्यायचा, हा या घरचा रिवाज. सव्वाशे वर्षं कुणी चुकवला नाही.

कबर जिनिंगच्या मागं, बाभळीखाली. बाई लगबगीनं पुढं गेल्या आणि थबकल्या. दगड पांढराशुभ्र, गुळगुळीत. चुन्याचे थर इतके जाड, की एक अक्षर दिसत नव्हतं.

बाई बोटांनी दगड चाचपू लागल्या. मी भडकलो. "सव्वाशे वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की खाली काही लिहिलंय?"

"आमाले कुठं इंग्रजी वाचता येते, सर?" नजीर म्हणाला. "साफ ठेवा, एवढंच बुजुर्ग सांगून गेलते."

मी छिन्नी मागितली. त्यानं दिली नाही. घरी निरोप धाडला, तशी त्याची बायको रौशन बादलीभर चिंचेचं पाणी घेऊन आली. नजीरनं त्यात पोतं भिजवून दगडावर पांघरलं. "गंजलेला नट असाच सोडवा लागते. जबरदस्ती केली का आटे जातात."

दुपारी बांबूच्या कामटीनं नजीर थर सोलायला लागला. आत काळा दगड, आणि अक्षरं काल कोरल्यासारखी. जिनिंगच्या फाटकावरचा त्याच काळातला उघडा दगड कधीच झिजून सपाट झालाय. हा चुन्यानं वाचवला. मी वाचत गेलो: टॉमसचा वंशज, मूळ गाव सॉमरसेटमधलं विदरली. बाईंनी नजीरचे चुन्यानं माखलेले हात धरले आणि रडल्या. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. तसं मी त्याला सांगितलंही.

"अजून खाली हाये," म्हणत तो सोलतच होता. काम अर्धवट सोडणं त्याला जमत नाही. मातीलगत दोन ओळी निघाल्या. त्या मी दोनदा वाचल्या.

"नजीरभाई, रहीमच्या वडिलांचं नाव काय?"

"कोनाले मालूम? आमचं खानदान रहीमपासूनच चालू होते. दुष्काळात एकलाच आलता म्हनतात."

"इथं आहे. हा दगड साहेबाचा शागीर्द रहीम, वल्द दाऊद, राहणार महागाव, यानं उभा केला."

नजीरच्या हातातली कामटी तशीच राहिली. "दाऊद," तो म्हणाला. मग रौशनकडे वळून पुन्हा, "दाऊद."

बाई पुढं विदरलीला जाऊन आल्या. तिथल्या चर्चचा फोटो नजीरच्या पान्यांच्या फळीवर आहे. पुढच्या शबे-बरातीला मीही कबरीवर गेलो, तर पठ्ठ्या पुन्हा चुना मारत होता.

"अहो, पुढं कोणी वाचायला आलं तर?"

"चिंच हाये ना," तो म्हणाला.

मग हात धुऊन, घरच्या गेलेल्यांची नावं घेत त्यानं फातिहा पढायला घेतला. यंदा रहीमच्या आधी एक नाव होतं.