दातांत धरलेलं डिसमिस

"बंद करू नका. चालू राहू दे तिला."

एवढं म्हणून शेजारचे काका खिशातून लाकडी मुठीचं डिसमिस काढत. स्क्रूड्रायव्हरला आम्ही बडोदेकर डिसमिसच म्हणतो. टोक इंजिनावर, मूठ कानावर, डोळे मिटलेले. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत एखादी स्कूटर कुरकुरू लागली की रविवारी सकाळी हा प्रयोग ठरलेला. ते डॉक्टरसारखे वाकलेले आणि आम्ही पेशंटचे नातेवाईक असल्यासारखे तोंडं पाडून भोवती उभे.

काका पेट्रोल तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. नोकरीभर काम एकच: एका खास इंजिनात पेट्रोल घालायचं आणि ते किती दाबाला खडखडतं ते पाहायचं. "काटा दाखवतोच," ते म्हणत, "पण कान आधी सांगतो." डबीत खडे घालून हलवावेत तसा तो आवाज असतो, हे त्यांनी मला रिकाम्या पावडरीच्या डब्यात खरोखरच खडे घालून शिकवलं होतं.

त्या वेळी बाजारात दोन आकड्यांचं पेट्रोल मिळे. सत्त्याऐंशी ऑक्टेनचं सगळीकडे, आणि त्र्याण्णवचं शहरातल्या एकदोन पंपांवर. खिसे नुकते गरम होऊ लागलेली मंडळी स्कूटरलासुद्धा त्र्याण्णव पाजत आणि ऐटीत सांगत.

"काका, जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद ना?"

"ताकद नाही, सोशिकपणा! इंजिन पेट्रोलला दाबतं. दाबलं तरी जे वेळेआधी भडकत नाही, ते जास्त ऑक्टेनचं. तुझ्या स्कूटरचा दाब तो केवढा? तिच्यासाठी कशाला हवंय एवढं सोशिक पेट्रोल?" आणि मग नेहमीचा प्रश्न येई. "पुस्तक काय म्हणतं?"

गाडीबरोबर येणारं पुस्तक म्हणेल तेच पेट्रोल घालायचं, हा त्यांचा कायदा. आमच्यापैकी निम्म्यांनी ते पुस्तक रद्दीत घातलेलं असे. तसं कळलं की ते आमच्याकडे असे बघत, जणू आम्ही मुलाची पत्रिका हरवली आहे.

आता एक गुपित सांगतो. एकदा मी मागून स्कूटरचा हॉर्न वाजवला, तीनदा, आणि ते रस्त्याच्या मधोमध तसेच चालत राहिले. काकू तर रोज कुरकुरत, "यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं की भाताची पेज होते. लक्षच नसतं." सगळे हसत. मला हसू येईना. लक्ष होतं हो, कान नव्हता! मी कोणाला बोललो नाही. ज्या माणसाला सगळी सोसायटी कानासाठी ओळखते, त्याचा कान गेला हे समजलं तर त्याच्या दारात स्कूटर कोण उभी करणार?

काकूंची दुसरी तक्रार दाताची. "महिनाभर ठणकतोय. गाल बघ, भोपळा झालाय. पण काढायचं नाव नाही!"

"कामाचा दात आहे तो," काका म्हणाले आणि विषय बदलला. असं कसलं काम असेल एका किडक्या दाताचं? मला कुतूहल वाटलं, पण चकलीच्या पुढे माझी कल्पना गेली नाही.

अशात अलकापुरीतले एक टाइल्सचे व्यापारी त्यांच्याकडे आले. शेठचं पावागढच्या पायथ्याशी फार्म होतं आणि त्यांच्या मेहुण्याने अमेरिकेतून एक अजब वाहन पाठवलं होतं. बैठक आणि हँडल मोटरसायकलचं, पण चाकं चार, भोपळ्यासारखी जाड. चिखल, वाळू, दगड, कशावरूनही जायचं म्हणे.

"काका, आमां कयुं पेट्रोल नाखवानुं?" यात कुठलं पेट्रोल घालायचं, शेठनी विचारलं.

"पुस्तक काय म्हणतं?"

शेठनी मोठ्या कौतुकाने पान उघडलं. "एट्टी सेवन."

"मग सत्त्याऐंशी. विषय संपला." काकांनी चष्मासुद्धा लावला नाही.

पंधरा दिवसांनी शेठ परत आले, चेहरा उतरलेला. चढावर गाडी तापते, दम सोडते. मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर साफ केला, आता इंजिन खोलावं लागेल म्हणतो. "काका, तमे एक वार सांभळी जुओ," ते म्हणाले. एकदा येऊन ऐका! काका लगेच तयार. मीही मागे लागून गेलो.

फार्मवर काकांनी फर्मान काढलं. "हा आवाज ओझं ओढतानाच येतो. चढावर तिच्या मागे मी काही पळणार नाही. बांधा तिला!"

मग त्या अमेरिकन वाहनाला जाड दोराने चिंचेच्या झाडाला बांधलं, हत्तीला बांधावं तसं. शेठ वर बसले, थ्रॉटल पिळला. चाकं माती उकरायला लागली, दोर ताणला गेला, धुरळ्यात शेठ दिसेनासे झाले. काकांनी डिसमिसचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. मूठ दुसऱ्या कानावर नेली.

चार हात लांब उभ्या असलेल्या मला खडे स्वच्छ ऐकू येत होते. त्यांना येत नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहिलं.

मग त्यांनी सगळ्यांकडे पाठ केली आणि मूठ कानावरून काढून सरळ दातांत धरली.

"काका, भूख लागी होय तो लीलो चेवडो छे!" धुरळ्यातून शेठ ओरडले. भूक लागली असेल तर हिरवा चिवडा आहे म्हणे! मेकॅनिक तर पोट धरून हसला. काकांनी फक्त एक बोट वर केलं. सगळे गप्प. लाळ पुसत ते उठले तेव्हा चेहरा लख्ख झाला होता.

"खडे वाजताहेत. पेट्रोल वेळेआधी भडकतंय. बिचाऱ्या कार्बोरेटरला का छळता? पुस्तक आणा."

या वेळी चष्मा लावला. सत्त्याऐंशीच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी छापलं होतं. काकांनी बोट ठेवून ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"चूक माझी," ते म्हणाले. मेकॅनिकसमोर, शेठसमोर, सगळ्यांसमोर. "ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. आपल्या पंपावर एकाच रीतीचा आकडा असतो, आणि तो नेहमी मोठा येतो. त्यांचं सत्त्याऐंशी ते आपलं सत्त्याऐंशी नव्हे. मी उभा जन्म हे मोजलं आणि खालची ओळ वाचली नाही. हिला त्र्याण्णव घाला."

शेठनी माणूस शहरात पिटाळला. दुपारी टाकी रिकामी करून त्र्याण्णव भरलं, हत्ती पुन्हा चिंचेला बांधला. काकांनी मूठ चावली, दोन मिनिटं ऐकलं आणि तोंडातून काढून म्हणाले, "शांत झाली." खरंच, खडे नव्हते.

परतताना आम्ही वाटेत चहाला थांबलो.

"तुला ऐकू आलं होतं ना?"

मी मान हलवली.

"बोलला नाहीस. बरं केलंस." बशीत चहा ओतत ते म्हणाले, "कान गेले रे. पण हाड ऐकतं, दातांवाटे. वर-खाली मिळून धड भिडणारी एकच जोडी उरली आहे, आणि त्यातला एक हा दुखरा. तो काढला की मी बहिरा."

पुढे सोसायटीतही ते उघडपणे मूठ चावू लागले. लोकांना वाटलं, ही वरच्या दर्जाची पद्धत असणार. मांडवीकडच्या दोन गॅरेजांत मी चांगल्या कानांचे मेकॅनिक डिसमिस चावताना पाहिले आहेत, देवाशपथ.

तो दात काकांनी अखेरपर्यंत काढला नाही. ते गेल्यावर महिन्याभराने काकूंनी डिसमिस माझ्या हातात ठेवलं. "तूच ठेव. तुला कळतं कुठे लावायचं ते." मुठीवर दोन खाचा होत्या, वर एक, खाली एक, चांगल्या खोल.

आता रविवारी मी माझ्या गाडीचं बॉनेट उघडतो आणि कोणी बघत नाहीसं पाहून मूठ दातांत धरतो. त्या खाचांत माझे दात बसत नाहीत. पण सगळं इंजिन डोक्यात वाजायला लागतं.

"काय म्हणतेय?" काकू खिडकीतून विचारतात.

मी एक बोट वर करतो. तोंडात मूठ असताना बोलता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्या थांबतात.