देव्हाऱ्यातली पट्टी

शीलाबाईंच्या घरात सुनेची पाळी एकट्या सुनेची नव्हती. ती कधी यावी आणि कधी येऊ नये, हे सासू ठरवायची. घरात खंडोबाचं जागरण ठरलं आणि तारीख नेमकी वृषालीच्या पाळीवर आली, तेव्हा शीलाबाईंनी घोडेगावच्या मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या स्वतः आणून तिच्या हातावर ठेवल्या. "देवाच्या सैपाकाला तूच बाजूला बसलीस तर पोळ्या कोन लाटणार?" डॉक्टरला विचारावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गावातल्या निम्म्या सुना सणासुदीला अशाच गोळ्या गिळतात. सासवांना त्यात काही वावगं दिसत नाही. त्यांना विटाळ तेवढा दिसतो.

वृषालीचं माहेर लेण्याद्रीच्या पायथ्याच्या गावात. बी.कॉम. झालेली, पण हाताला कात्री बसलेली. तिनं शिवलेलं ब्लाउज अंगाला चापून बसतं म्हणून अख्खी आळी तिच्याच दारात. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि ते तिला विसरू देईल असं घरात कुणी नव्हतं. शीलाबाई गाईपुढं वैरण टाकतानाही म्हणायच्या, "हिला तरी वरसाला एक वासरू हुतंय." वृषालीचा नवरा सुदर्शन तेव्हा मोबाइलवर टोमॅटोचा बाजारभाव बघत असायचा. आईच्या तोंडी लागणं त्याला कधी जमलं नाही, आणि जमावं असंही त्याला कधी वाटलं नाही.

जागरण झालं, गोळ्या संपल्या, पाळी काही येईना. आठवडा उलटून गेला तशी वृषालीच्या मनात वेडी आशा जागी झाली. अस्तर आणायला घोडेगावला गेली तेव्हा तिनं तपासणीची पट्टी आणली. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकले आणि पाकिटावर लिहिलं होतं तेवढी पाच मिनिटं थांबली. एकच रेघ. एक रेघ म्हणजे दिवस गेलेले नाहीत. तरीही पाळी आली नाहीच, तर थोड्या दिवसांनी पुन्हा बघावं. ती न्हाणीत बसून रडली, पट्टी कागदात गुंडाळून जळणाच्या डब्यात टाकली आणि कामाला लागली.

दुपारी बंब पेटवायला शीलाबाईंनी तोच कागद उलगडला. पट्टी वाळून गेली होती आणि दुसऱ्या रेघेच्या जागी एक फिकट, करडी रेघ दिसत होती. पट्टी सुकली की अशी खोटी रेघ कधीकधी उमटते. शीलाबाईंना मात्र ती खरीच हवी होती. त्यांनी पट्टीला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकापुढं ठेवली. पाळीतल्या सुनेची सावली ज्या देवाला चालत नव्हती, त्या देवापुढं सुनेच्या लघवीची पट्टी. वृषाली मशीनवरून उठून आली तोवर घाटघरच्या मावशीला फोन गेला होता आणि शेजारच्या कुशाबाईंच्या हातावर पेढा पडला होता.

"आई, सकाळी एकच रेघ व्हती. ही वाळल्यावर आलीय. ही धरायची नसती," वृषाली म्हणाली.

"मला डोळं हायती. आन तुला लपवून टाकायची काय गरज व्हती?"

सुदर्शननं पेढा तोंडात टाकला. "आईला कळतंय की," एवढंच तो बोलला.

चार-पाच दिवसांनी पाळी आली. गोळ्यांनी अडवून धरलेली, ती आली. शीलाबाईंनी आदळआपट केली नाही. शांतपणे म्हणाल्या, "परवा दोऱ्याचं निमित करून परत घोडेगावला गेली व्हतीस, ती पाडायलाच."

संध्याकाळपर्यंत आळीत ते सगळ्यांना ठाऊक झालं. दुसऱ्या दिवशी कुशाबाई आल्या आणि शिवायला टाकलेलं कापड न शिवताच परत घेऊन गेल्या. का, ते सांगितलं नाही, आणि जाताना वृषालीच्या तोंडाकडंही पाहिलं नाही. वृषालीला लाज वाटली नाही, तिला संताप आला. डॉक्टरकडं चला, असं तिनंच ठणकावून सांगितलं. घोडेगावात लोक बघतील म्हणून शीलाबाई जुन्नरला तयार झाल्या. सुदर्शनची पिकअप निघाली; पुढच्या सीटवर तिघं, मधे वृषाली.

जुन्नरच्या डॉक्टरीण बाईंनी दोघींचं ऐकून घेऊन रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर विचारलं, "मधे पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या होत्या का?"

"आमच्या घरात असलं काय चालत न्हाई," शीलाबाई म्हणाल्या.

वृषालीनं त्यांच्याकडं वळून पाहिलं. "यांनीच आणून दिल्या," ती म्हणाली.

"मग त्यानंच पाळी पुढं गेली," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "आणि वाळलेल्या पट्टीवरची रेघ कधीही धरू नये. तुम्ही म्हणता तसं हिनं आत्ता पाडलं असतं, तर रक्तात त्याची खूण अजून सापडली असती. इथं काहीच नाही. हिला दिवस गेलेलेच नव्हते."

"शिकलेल्या बाया एकमेकीला सांभाळूनच घेणार," असं म्हणत शीलाबाई उठून बाहेर गेल्या. वृषालीला त्याचं काही वाटलं नाही. सासूला पटणार नाही, हे ती धरूनच आली होती. पटायला हवं होतं ते एकाच माणसाला, आणि तो शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होता.

शीलाबाई बाजारात काहीतरी घ्यायला गेल्या तेव्हा पिकअपमधे दोघंच उरले. सुदर्शननं आवाज खाली आणला. "आता आई न्हाई हितं. मला तरी खरं सांग. मी कुनाला बोलनार न्हाई."

तो मायेनं विचारत होता, हेच तिला सोसवलं नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती दार उघडून खाली उतरली.

"कुठं निघालीस? आईनं इचारलं तर काय सांगू?"

"तुमाला पटंल ते सांगा," ती म्हणाली.

लेण्याद्रीकडं जाणारी जीप भरायला बराच वेळ लागला. पिकअप समोरच उभी होती. सुदर्शन खाली उतरला नाही.