नवसाचा कोंबडा आणि करिया

करिया कुत्र्याने दोन कोंबड्या मारल्या, तेव्हा शेजारच्या बाबू पुजारींनी मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधायला सांगितली. त्याच्या मालकीणबाई गिरिजाक्कांनी तसं केलं. खोड जायची राहिली बाजूला, कुत्र्याला वासाची गोडी लागली.

"आपल्या राखणदार दैवाचा उत्सव पाच दिवसांवर आलाय," नवरा संजीव म्हणाला. "नवसाच्या कोंबड्याला यानं तोंड लावलं, तर मी याला मलप्याच्या बंदरावर सोडून येणार."

"मग कोंबडा खुराड्यात घाला की!"

"दैवाला बोललेलं पाखरू कोंडतात का आपल्यात? अक्कल गहाण टाकलीस?"

तेव्हापासून गिरिजाक्का धड टेकल्या नाहीत. करियाची दोरी स्वतःच्या कमरेला बांधून त्या विड्या वळत. जरा कुठे पंख फडफडले की सुपातली पानं सोडून उठत. करिया झेपावला की त्याला मुकाट्याने लांब नेत. कोंबड्यावरची नजर काढून त्याने त्यांच्याकडे पाहिलं, की सुक्या बांगड्याचा तुकडा देत.

चौथ्या दिवशी कोंबडा थेट करियाच्या पुढ्यात दाणे टिपू लागला. कुत्र्याचं अंग थरथरलं. गिरिजाक्कांनी हातातली विडी खाली ठेवली. करियाने मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहत तो खाली बसला.

"बघितलंत?"

संजीव पायरीवरून सगळं पाहत होता. "बघितलं. राहू दे त्याला घरात. पण दोरी सोडू नकोस."

"सोडतेय कोण?" म्हणत त्यांनी दोरीला आणखी एक गाठ मारली.