बावन्नाव्या वर्षीचा मुरूम

तारुण्यपीटिका यायला तारुण्य लागतं, असा लोकांचा एक गैरसमज आहे. तुलारामला ती बावन्नाव्या वर्षी आली. नाकाच्या अगदी शेंड्यावर, आणि तीही मंडईची जत्रा तीन दिवसांवर आली असताना.

तुलाराम गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाळं टाकणारा माणूस. त्याचं जुनं गाव त्याच पाण्याखाली गेलं. नव्या वसाहतीत घरं आली, नळ आले, नळाला पाणी यायचं तेवढं राहिलं. पण दिवाळीनंतरची मंडई गावाने सोबत आणली, आणि मंडईतली दंडारही. भर दुपारी, मैदानात, ढोलकीवर पुरुषांनीच लुगडी नेसून नाचायचं. सव्वीस वर्षं या दंडारीतली नवरी एकच, तुलाराम! एरवी अंगाला मासोळीचा वास. पण दिवाळी आली की हा गडी दिवसातून दोनदा दाढी करी, दुधाची साय चोळी आणि आरशापुढून हलत नसे. त्याची बायको शकुन मग सुपातल्या पाण्यात बघून कुंकू लावायची वेळ आली म्हणून सगळ्या वसाहतीला सांगत फिरे. सुपात पाणी राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

यंदा भुपेंद्र नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा त्या लुगड्यावर टपून होता. मिशी तर त्याने आधीच काढून ठेवली होती. दंडारीचे गुरुजी कृष्णराव फोडाकडे बघून एवढंच म्हणाले, "तुलाराम, मंडईपर्यंत नाक साजरं दिसलं पाहिजे. नाही तं लुगडं भुपेंद्रले."

हातचं गेलेलं लुगडं परत येत नाही, हे तुलारामला पक्कं ठाऊक होतं. त्यानेही ते असंच एका म्हाताऱ्याकडून मिळवलं होतं.

मग इलाज सुरू झाले. पहिल्या दिवशी टूथपेस्ट. नाक थंड पडलं, फोड तापलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या उषाबाईंनी सांगितलेली हळद आणि लिंबू. फोड होता तिथेच होता, फक्त आता तो रस्त्यावरूनही दिसू लागला.

"अजी, हात नोका लावू त्याले," शकुन म्हणाली. "साध्या पान्यानं तोंड धुवा, आपोआप बसते."

"तुले का समजते त्यातलं?"

"खरं हाय. मी तं एकदाच नवरी झाली."

तुलारामला मात्र समजत होतं. मागूर मासोळीने हाताला काटा मारला की पाण्यावरचे जुने लोक बिबा तापवून त्याचं काळं तेल जखमेवर टेकवतात. ज्या तेलाने मागुरीचा ठणका उतरतो, त्यापुढे एवढासा मुरूम काय टिकणार? हिशेब बिनचूक होता. फक्त हात म्हणजे चाळीस वर्षं जाळं ओढलेलं कातडं आणि नाक म्हणजे सायीवर पोसलेलं, एवढा बारीक फरक नजरेतून सुटला. शकुन धान कापायला गेल्यावर त्याने बिबा तापवला आणि सुईच्या टोकाने तेल लावलं. एकदा लावून समाधान होईना म्हणून पुन्हा एकदा.

मंडईच्या सकाळी मुरूम दिसत नव्हता. दिसायला जागाच उरली नव्हती. नाकाचा बटाटा झालेला, गाल फुगलेले, डावा डोळा बंद. शकुनने खोबरेल तेलाची वाटी पुढे सरकवली. "आज आरशाकडं जाऊ नोका," ती म्हणाली. "घाबरसान."

दुपारी कृष्णरावांनी ते तोंड पाहिलं आणि लुगडं उचलून हाक दिली, "भुपेंद्र!"

तुलारामने लुगड्याचं दुसरं टोक धरलं. "गुरुजी, पदर हनुवटीपर्यंत घेतो. नवरी लाजून राहिली म्हना. नाचतात तं पाय न?"

"अन् तुले दिसन कसं?"

"सव्वीस साल झाले. डोळे कायले लागते आता?"

कृष्णरावांनी विचार केला. भुपेंद्रचे ठेके अजून चुकतात, हेही त्या विचारात असावं.

तुलाराम नाचला. असा नाचला की झाडावर बसलेले लोक खाली उतरले. तेवढ्यात माइकवाल्या हेमराजने आवाज चढवला, "वाहवा! यंदा नवरी बदलली, मंडळी! भुपेंद्रले माह्याकडून नारळाचं बक्षीस! तुलारामपेक्षा शंभरपट साजरं नाचून राहिलं पोरगं!"

टाळ्या पडल्या. कडेला उभा असलेला भुपेंद्र नम्रपणे हसला.

पदराच्या आत तुलारामच्या लक्षात आलं, की गप्प राहिलो तर पुढच्या साली लोकच भुपेंद्र मागतील. त्याने पदर भिरकावला. "कोन भुपेंद्र? मी तुलाराम होय!"

ढोलकी थांबली. पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पाठीमागे गेली. हेमराज नारळासकट दोन पावलं मागे सरकला.

बायकांच्या घोळक्यातून शकुनचा आवाज आला, "हेमराजभाऊ, पळता कायले? द्या नारळ! तोंड कोनाचं हाय ते मले बी नाही समजून राहिलं, पन पाय त्याइचेच होत!"

मैदान हसून हसून लोळलं. नारळ मिळाला. कृष्णराव जवळ येऊन म्हणाले, "पुढच्या साली बी लुगडं तुझंच. पन आधी तो पदर खाली घे बापा, लेकरं रडून राहिले."

तुलारामने पदर हनुवटीपर्यंत ओढला, नारळ भुपेंद्रच्या हातात दिला, फक्त धरायला, आणि ढोलकीवाल्याला म्हणाला, "वाजव."