छत्रीच्या चित्राची पेटी

कामथडीच्या वरच्या आळीत सावळारामची पेटी सगळ्यांना ठाऊक होती. खोपट लहान, पेटी मोठी. आठ हात लांब, माणूस आत उभा राहील एवढी उंच, बाजूंना पत्रा, तळाला जाड फळ्या. धरणाच्या कामावर परदेशातून कसलंसं यंत्र तिच्यातून आलं होतं. यंत्र निघालं, पेटी भंगारात गेली, आणि तिथं माती वाहणाऱ्या सावळारामनं ती मागून घेतली. पत्र्यावर छत्रीचं चित्र होतं.

"हे कशापायी?" त्यानं कारकुनाला विचारलं होतं.

"आतल्या मालाला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून."

तेवढं त्याला पुरलं. कारण त्याच धरणात त्याचं वेल्ह्याकडचं गाव गेलं. घर मोडून त्यानं दाराची चौकट, वासे, तांब्याची घागर आणि बायकोचं, साळूबाईचं, दगडी उखळ पेटीत भरलं. इकडं आल्यावर पेटी चार दगडांवर ठेवली, म्हणजे पुन्हा कुणी उठवलं तर न्यायला सोपी. त्याला आता नऊ वर्षं झाली. चौकट पेटीत, आणि खोपटाला दार म्हणून गोणपाट.

सावळाराम एका जागी बसत नसे. जेवता जेवता उठून पेटीची कडी ओढून बघे. आठवड्याला सामान बाहेर काढून पुसे, पुन्हा भरे. उखळ जड, ते तेवढं गोणपाटाखाली कोपऱ्यात राही. शेजारचा कोंडिबा वाटेनं जाताना विचारी, "काय पाव्हणं, गाडी किती वाजता?"

"आली की सांगतो तुला."

साळूबाई हसत नसे. नऊ वर्षं ती भात कांडायला कुंपणापलीकडच्या पारूबाईच्या पडवीत जात होती. एक दिवस पारूबाई म्हणाली, "तुमचं उखळ पेटीत बसून म्हातारं झालं असंल की."

साळूबाई अर्धवट कांडलेलं भात सुपात घेऊन घरी आली. "अवो, उखळ पुरा. न्हाईतर उद्यापासनं हितं चूल पेटायची न्हाई."

"पुरलं की परत उपटायचं कुणी? मागल्या टायमाला हात सोलले माजे."

"हात तुमचे, पन कांडण माजं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं मोजणीची साखळी घेऊन आली, अंगणाच्या कडेनं तांबड्या टोकाच्या खुंट्या ठोकून निघून गेली. सावळारामच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या गावात असेच रंगवलेले दगड लागले होते, आणि पाणी बरोबर तिथवर आलं होतं. तो तसाच कोंडिबाच्या गोठ्यात शिरला.

"बैल सोड."

"अरं, लायटीचे खांब यायचेत. चावडीवर सांगितलंय."

"आमालाबी पयलं काय काय सांगितलं व्हतं. सोड बैल."

पेटीला साखळदंड बांधला. बैलांनी ओढ घेतली, पेटी हलेना. खालचे दगड केव्हाच मातीत गेले होते. कोंडिबानं पहार घालून मागनं नेट दिला, तेव्हा कडाकडा आवाज करत पेटी तीन हात पुढं सरकली. मागं राहिल्या कुजक्या फळ्या, आणि फळ्यांच्या कोपऱ्यात उखळ. काठापर्यंत जमिनीत. तळ कुजला तसं ते पावसापावसाला खाली उतरत गेलं होतं.

सावळारामनं गुडघे टेकून काठ धरला, हलवून पाहिला. हललं नाही.

"पहार दे."

"पहार घरी ऱ्हायली," कोंडिबा म्हणाला. ती त्याच्या हातातच होती.

साळूबाई सूप आणि पारूबाईचं मुसळ घेऊन आली. उखळातली माती तिनं काढली, पदरानं पुसलं, भात ओतलं आणि कांडायला लागली.

"अगं, थांब जरा."

"थांबले की नऊ वर्सं."

कुंपणापलीकडून पारूबाई म्हणाली, "मुसळ माजं हाय बरं का."

"सांजच्याला देते."

सावळाराम खुंट्यांपाशी गेला, परत आला, परत गेला. मग त्यानं पेटीची कडी काढली, चौकट खांद्यावर घेतली आणि उखळाभोवती फिरू लागला.

"हितं?"

"तोंडावर ऊन येतंय."

"मग हितं?"

साळूबाईनं मुसळ थांबवलं नाही. "खाली ठेवल्याबिगर कसं कळंल?"

त्यानं चौकटीचा एक पाय मातीला टेकवला. दुसरा अजून हातातच होता.