सरळ न चालणाऱ्या गाड्या

माझ्या मोटरसायकलला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. मी काम करतो त्या छापखान्यातली मंडळी तिच्या आवाजावर हसतात, पण तिला वाकडी म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. ते काम माझ्या भावोजींनी केलं, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसल्यावर. बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात मी त्यांना शिकवत होतो. पहिल्या गिअरमध्ये एक फेरी मारून ते आले, माझ्या मदतीने कशीबशी गाडी थांबवली, घाम पुसला आणि म्हणाले, "तुझी गाडी डावीकडे ओढतेय."

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार? पण मनातून चांगलाच तडकलो होतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, क्लच कुठल्या हाताला असतो हे त्याला सकाळीच कळलं होतं, आणि दुपारी तो माझ्या गाडीतले दोष काढत होता.

भावोजी धंद्याने काटेवाले. तराजू बनवणाऱ्या एका कारखान्यात ते मिसरूड फुटल्यापासून नोकरीला आहेत. कारखान्याचा टेम्पो त्यांना सकाळी बाजाराच्या एका टोकाला सोडायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाला उचलायचा. मधलं सगळं पायी. या दुकानातून त्या दुकानात जायचं, तिथला काटा तपासायचा, बिघडला असेल तर दुरुस्त करायचा. उजव्या खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तिच्यात पितळी आणि लोखंडी वजनं. ती पिशवी मी एकदा त्यांच्या दारातून बाजूला सरकवायला गेलो आणि कमरेत उसण भरून घेतली. ताई तेव्हा इतकी हसली होती की तिच्या हातातला चहा सांडला.

माणूस तसा गरीब गाय, पण तराजूच्या बाबतीत कोणाचं ऐकणार नाही. पासंग दिसला की त्यांचं डोकं फिरे. काटा एका बाजूला झुकत असला की दुकानदार हलक्या पारड्याला तारेने एखादा नट नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधतात, म्हणजे दांडी सरळ दिसते. तो पासंग. भावोजी एक शब्द न बोलता खिशातून पक्कड काढायचे आणि तो तुकडा तोडून दुकानदाराच्या हातावर ठेवायचे. दोष काढायचा सोडून झाकतो कशाला, एवढंच विचारायचे. लोक चिडायचे, पण काटा तपासून घ्यायला त्यांचीच वाट बघायचे.

अशात कारखान्याच्या मालकाने टेम्पो विकला. पूर्वीइतकं काम उरलं नव्हतं, चार जणांच्या फेऱ्या दोघांनी करायच्या असं ठरलं. ज्याच्याकडे गाडी असेल त्याला पुढच्या महिन्यापासून फेरी, बाकीच्यांनी आत बसून पारड्यांना रंग द्यायचा. भावोजींनी हे घरी सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. त्यांच्या उजव्या हाताला हल्ली मुंग्या येत होत्या, रात्रीचा मलम लागत होता, तेव्हा पायी फिरणं तसंही संपत आलं होतं. ताई म्हणाली, बसा की आत, पंख्याखाली.

"आत गेलेल्या माणसाला बाजारात कोणी विचारत नाही," ते म्हणाले. "मला गाडी शिकव."

म्हणून ही सगळी वरात. नव्या गाडीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. त्या चकचकीत दुकानाच्या दारातूनच आम्ही माघारी फिरलो. जुन्या गाड्यांचा एक दलाल माझ्या ओळखीचा होता. त्याला सगळे मामा म्हणत, पण मामा बनायची पाळी गिऱ्हाइकावर यायची. तिथे जाताना वाटेत मी भावोजींना बजावलं की पहिली गाडी घेताना रंग बघायचा नाही, वेग बघायचा नाही. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, आडवी झाली तर आपली आपल्याला उचलता आली पाहिजे, आणि मोडली तर तिचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला पाहिजे. त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली.

मामाने आधी एक उंच गाडी पुढे केली. तिच्यावर भावोजींच्या पायांची फक्त बोटं टेकत होती. मामा म्हणाला, सवय होईल. मी म्हटलं, सवय होईपर्यंत हाडं कोण जोडणार? दुसरी गाडी दणकट होती, वजनं वाहायला चांगली, म्हणून ती भावोजींना आवडली. पण स्टँडवरून काढतानाच ती आडवी झाली, आणि ती उभी करताना आम्हा दोघांच्या नाकी नऊ आले. त्यानंतर भावोजी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत राहिले. तोवर मी हे सगळं जरा थट्टेवारी नेत होतो. त्यानंतर माझी थट्टा बंद झाली.

तिसरी एका नर्सबाईंची होती. लहान इंजिन, बसकी सीट, टाकीचा काळा रंग गुडघे घासून उडालेला. पहिल्याच किकला सुरू झाली. दोन्ही तळवे टेकले. भावोजींनी टाकीवरून हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा बघूनच मला वाटलं, झालं काम. किंमतही आवाक्यातली होती. मामाने दोन दिवस चालवून बघायला दिली, कारण ती दुसरं कोणी घेत नव्हतं.

गोदामाच्या आवारात एक फेरी मारून भावोजी आले आणि त्यांनी सीटवर हात आपटला.

"हीसुद्धा डावीकडे ओढतेय."

मी कपाळाला हात लावला. महिना संपत आला होता. मालक रोज विचारत होता आणि हे गृहस्थ गाड्या नापास करत सुटले होते. मला वाटलं, यांच्या मनातच नाही. घाबरलेत आणि गाडीवर ढकलतायत. तसं मी ताईला फोनवर बोललोही. ताई म्हणाली, "ते खोटं नाही बोलायचे." आणि तिने फोन ठेवला. तिचा आवाज मला चमत्कारिक वाटला, पण मी तेव्हा रागात होतो.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला आवारातच घेऊन आलो. त्याने साखळी दोन्ही बाजूंनी सारखी ताणलेली आहे का ते पाहिलं, पुढच्या चाकाचे पाइप पाहिले, मग दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणली. दोरीचं एक टोक भावोजींनी स्वतः धरलं. दोरी चारही ठिकाणी नेमकी टेकली. मेकॅनिक म्हणाला, याहून सरळ गाडी मिळाली तर मलाही सांगा, आणि निघून गेला.

भावोजी त्याच्या पाठीमागे बघत उभे राहिले. साखळीचं ग्रीस लागलेला शर्ट त्यांनी काढून फाटकावर टाकला होता, अंगात नुसता बनियन होता. खिशात खडू असायचाच. त्यांनी सिमेंटच्या आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली आणि मला म्हणाले, या रेघेवरून हळू जा. मी गेलो. रेघ सुटली नाही. मग ते बसले. थोडं अंतर सरळ गेले, पुढे चाक रेघ सोडून डावीकडे सरकत गेलं, त्यांनी ओढून आणलं, पुन्हा सरकलं. त्यांनी गाडी बंद केली, पण उतरले नाहीत.

मला ते ही तपासणी कशी करतात ते ठाऊक होतं, ताईच्या स्वयंपाकघरातल्या तराजूवर त्यांनीच एकदा दाखवली होती. काटा खोटा वाटला की दोन्ही पारड्यांतली वजनं आपसात बदलायची. झुकाव बाजू बदलून दुसरीकडे गेला, तर वजनात खोट. वजनं बदलूनही काटा त्याच बाजूला झुकला, तर खोट दांडीत. भावोजींनी माझी गाडी बदलून पाहिली होती, नर्सबाईंची पाहिली होती. झुकाव मात्र कायम डावीकडेच राहिला होता.

"मी कसा बसलोय ते मागून बघ," ते म्हणाले.

मी मागे गेलो आणि बघितलं. इतकी वर्षं या माणसाला मी पाहत आलो होतो, पाया पडलो होतो, खांद्याला खांदा लावून उभा राहिलो होतो. त्यांचा उजवा खांदा वर चढलेला होता आणि डावा उतरलेला. पाठीचा कणा मधेच एका बाजूला वळून पुन्हा परत आला होता. बनियनमधून ते स्पष्ट दिसत होतं, आणि शर्टात कधीच दिसलं नव्हतं. मी एक हात त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला, दुसरा डाव्यावर. त्या दोन हातांच्या उंचीतूनच त्यांना कळलं.

ते उतरले, फाटकावरचा शर्ट घेतला. घालायला म्हणून झटकला आणि थांबले. मग त्यांनी तो सीटवर पसरला आणि बटणांच्या पट्टीवर मधोमध दुमडला. डावी बाजू खालून अंगठाभर आखूड होती. डाव्या खांद्याच्या आत कापडाची एक जाड घडी शिवलेली होती, बाहेरून अजिबात न कळणारी. त्यांचे शर्ट लग्नापासून ताईच शिवते.

घरी जाताना गाडी मी चालवली. ते मागे बसले होते आणि माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. वाटेत एका दुकानदाराने त्यांना हाक मारली, तर त्यांनी मान वर केली नाही.

ताई मशीनवरच होती. भावोजींनी शर्ट तिच्यापुढे ठेवला. तिने एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पायाखालचं मशीन थांबवलं.

"लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी दिसायला लागलं मला," ती म्हणाली. "शर्ट एकीकडे लोंबायचा. तुम्ही रोज लोकांचे काटे सरळ करायला जाणार, आणि बाजारात तुमच्याकडे बघून कोणी हसलं असतं तर मला नसतं सोसलं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर पिशवी खाली ठेवली असतीत?"

भावोजी खुर्चीवर बसले. "नसती ठेवली," ते म्हणाले.

ताई रडायला लागली. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेलो आणि तिथेच उभा राहिलो. ज्या माणसाला मी भित्रा समजत होतो त्याची कीव यायला हवी होती की मला स्वतःचीच शरम वाटायला हवी होती, कळेना. मला नुसतं वाईट वाटत होतं.

डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढून पाहिला. खांद्यावर वजन आता कायमचं बंद. कणा वळलाय तो परत सरळ होणार नाही, हळूहळू वाढतही जाईल. किती आणि कधी, ते सांगता येत नाही. गाडी चालवायची का, असं ताईने विचारलं. तोल सांभाळता येत असेल तर चालवा, डॉक्टर म्हणाले. आम्ही तिघंही बाहेर येऊन बाकावर बसलो. ताईचं म्हणणं होतं, पुरे झालं, आत बसा. भावोजींनी एक्स-रेचं पाकीट मांडीवर सरळ करून ठेवलं. मला उगीचच वाटलं की ते आता हो म्हणतील, आणि त्या दिवसापासून त्यांना बाजारात कोणी विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच मामाकडे गेले आणि नर्सबाईंची गाडी घेतली. संध्याकाळी मला बोलावलं. उजव्या बाजूला, सायलेन्सरच्या वर, एक छोटी लोखंडी पेटी बसवून हवी होती. वजनांची पिशवी मागच्या कॅरिअरवर मधोमध बांधायची होती, मग ही कशाला, मी विचारलं. पेटी बसली तशी ते गोदामाच्या आवारात गेले, खडूची रेघ पुन्हा ओढली, आणि पेटीत एकेक वजन ठेवून फेऱ्या मारू लागले. दरवेळी थांबायचे, उतरायचे, एखादं वजन वाढवायचे. शेवटी दोन किलोवर गाडी रेघेवरून सरळ गेली.

"पासंग," ते म्हणाले. आणि पुढे, माझ्याकडे न बघता, "माझ्या पक्कडीने कितीजणांचे तोडले मी."

फेरी त्यांना मिळाली. पहिल्या दिवशी ताई दारात उभी होती, आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने श्वास रोखून धरला असावा. मागून बघितलं तर गाडी दोरीसारखी सरळ जात होती आणि शर्टही सरळ होता. बाजारातल्या लोकांनी म्हणे त्यांना चहा पाजला. त्या आठवड्यात ते जेवताना दोनदा हसले, असं ताईने मला मुद्दाम कळवलं.

ही गोष्ट पावणेदोन वर्षांपूर्वीची. परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते आंघोळीला गेले होते, गाडी दारात होती. साखळीला तेल घालावं म्हणून मी वाकलो आणि पेटीचं झाकण उघडं दिसलं. आत तीन किलो होते, आणि वर एक अर्धा किलोचं पितळी वजन, नवं, अजून चकाकणारं. मी झाकण लावलं.

आत ताई मशीनवर नवा शर्ट शिवत होती. डाव्या बाजूची दुमड मोजण्यासाठी तिने कापडावर अंगठा ठेवला. मग अंगठ्याशेजारी आणखी एक बोट ठेवलं आणि तिथे टाचणी लावली. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"यांना काही बोलू नकोस," ती म्हणाली.

नाही बोलत, म्हटलं. आणि पेटीतलं तिलाही सांगितलं नाही.