बाळकाका उकिडवे आणि बर्फाची पारख

बाळकाका उकिडव्यांनी जन्मभर पंप डिझाइन केले. शिकागोजवळच्या शॉम्बर्गमध्ये ते सत्तरच्या दशकात आले, एका कंपनीला चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा खाक्या. टोस्टर घ्यायला ते घरचा ब्रेड घेऊन दुकानात गेले होते, असं पद्मजाकाकू सांगायच्या. मला ती थट्टा वाटायची.

मी आश्लेषा, नागपूरची. मी आणि माझा नवरा परीक्षित त्यांच्या घरासमोरच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहायचो. दोघंही आयटीत. आमच्याकडचा बर्फ अपार्टमेंटवाले काढायचे, त्यामुळे या विषयात मी कोरीच होते.

२००७च्या हिवाळ्याच्या तोंडावर काकांची ॲन्जिओप्लास्टी झाली. बर्फाच्या फावड्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच सुमारास, ट्रकला पुढे पातं लावून वर्षानुवर्षं त्यांचा ड्राइव्ह-वे साफ करून देणारा माणूस फ्लोरिडाला राहायला गेला.

"दुसरा कोणी बघा की," काकू म्हणाल्या.

"माणूस पुरे झाला. आता मशीन. बर्फ ओढून लांब फेकणारा स्नो-ब्लोअर घ्यायचा. पण नीट विचार करून."

त्यांची मुलगी सलोनी चँडलरला असते, ॲरिझोनात. ती फोनवर ओरडली, "बाबा, जस्ट बाय वन!"

"जस्ट बाय काय? आपला बर्फ कसला आहे ते आधी कळायला नको?"

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. काकांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. तो सॅम्पल होता. पोस्टमन, कुरियरवाला आणि दूध घेऊन येणाऱ्या काकू, सगळ्यांना त्यांनी हिरवळीवरून वळसा घालून यायला लावलं. मग गुडघे टेकून त्यांनी बर्फाचे नमुने घेतले. एक भुरभुरा, एक ओला, आणि एक रस्ता साफ करणारा सिटीचा प्लाऊ जाताना दारासमोर ढकलून ठेवतो तो ढेकळांचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांची वजनं झाली. नंतर तिन्ही नमुने झिपलॉक पिशव्यांतून फ्रीझरमध्ये गेले.

त्याच फ्रीझरमध्ये, तसल्याच पिशव्यांतून, काकू डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून आणलेलं किसलेलं खोबरं ठेवायच्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी काकू नारळाच्या वड्या करायला बसल्या. मी मदतीला होते. त्यांनी पातेल्यात पिशवी उलटी केली, वर साखर घातली आणि मला ढवळायला सांगितलं. मी ढवळत राहिले. सारण घट्ट व्हायचं सोडून पातळ होत चाललं. बघता बघता पातेल्यात नुसता पाक उरला.

"काकू, खोबरं कुठे गेलं?"

त्यांनी डाव फिरवून बघितला. "हल्ली डेव्हनवर काहीही विकतात मेले!" असं म्हणून त्यांनी दुसरी पिशवी उघडली. तीही विरघळली. पाकाचं पातेलं मात्र काठोकाठ भरलं.

तेवढ्यात काका आत आले, फ्रीझर उघडून उभे राहिले आणि विचारलं, "माझा भुरभुरा कुठे आहे?"

त्या वर्षी आम्ही बायकांना तिळगूळ आणि केशर घातलेलं सरबत दिलं. सरबताची सगळ्यांनी तारीफ केली. काकू त्या दिवशी काकांशी बोलल्या नाहीत. काकांना खंत एवढीच, की आता ढेकळांवरच निभवावं लागणार.

त्या शनिवारी काका ती ढेकळं तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकच्या कूलरमध्ये भरून दुकानात गेले. काकूंनी मला सोबत पाठवलं होतं. "लक्ष ठेव गं," एवढंच म्हणाल्या. स्नो-ब्लोअर ओळीने मांडलेले होते. काकांनी विक्रेत्याला बोलावलं, कूलरचं झाकण उघडलं आणि इंग्रजीत विचारलं, "यातलं कोणतं मशीन हे खाईल?"

तो भला माणूस कूलरमध्ये वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हा बर्फ आहे."

"अर्थात!"

"ही सगळी मशिनं बर्फच खातात, सर."

"पण हा माझा बर्फ आहे!"

विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. दुकानात मशीन सुरू करायची परवानगी नव्हती. तेव्हा काकांनी प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी एकेक ढेकूळ धरून बघितलं, मुलीसाठी स्थळं बघावीत तशी. विजेचं मशीन हलकं, पण वायरला बांधलेलं. छोटं पेट्रोलचं, पण त्याच्या तोंडात ढेकूळ मावेना. शेवटी त्यांचा हात सगळ्यांत मोठ्या मशीनवर स्थिरावला. स्वतःच्या चाकांनी चालणारं, पुढे दिवा, आणि थंडीत हात गारठू नयेत म्हणून गरम होणाऱ्या मुठी. शेतात चालवावं असलं धूड. काकांचा ड्राइव्ह-वे दोन गाड्या लावल्या की संपायचा.

"काका, जरा मोठं नाही का वाटत?"

"बर्फ मोठा पडला तर?"

मशीन ट्रकने घरी आलं. आता ठेवायचं कुठे? गॅरेजच्या अर्ध्या भागात मंडळाच्या गणपतीचं मखर होतं. ते हलवायला काकूंनी साफ नकार दिला. दुसऱ्या अर्ध्यात गाडी होती. म्हणून गाडी बाहेर आली आणि मशीन आत गेलं. गाडीवर बर्फ कमी पडावा म्हणून काकांनी ती गॅरेजच्या दाराला अगदी खेटून लावली.

फेब्रुवारीत जो बर्फ पडला, त्याला काकासुद्धा नावं ठेवू शकले नाहीत. सकाळी काकूंचा फोन आला. मी मांडीएवढ्या बर्फातून त्यांच्याकडे पोचले, तर काका हेल्मेट आणि गॉगल घालून गॅरेजमध्ये मशीनपाशी उभे होते. दार वर गेलेलं होतं. समोर गाडी होती, आणि वाऱ्याने तिच्यावर एवढा बर्फ लोटला होता की गाडी आहे हे तिच्या एरियलवरून कळत होतं.

"काढा मशीन बाहेर," काकू म्हणाल्या.

"गाडी मध्ये आहे."

"मग गाडी काढा."

"बर्फ आहे."

"मग बर्फ काढा."

"त्यासाठीच तर मशीन घेतलंय!"

काकू आत गेल्या आणि मंडळाच्या जेवणावळीची मोठी परात घेऊन आल्या. माझ्या हातात त्यांनी पातेलं दिलं. घरातलं फावडं काकांनी आधीच देऊन टाकलं होतं, कारण डॉक्टरांनी बजावल्यावर ते नजरेसमोर असणंसुद्धा त्यांना धोक्याचं वाटत होतं. आम्ही दोघी परातीने आणि पातेल्याने बर्फ उपसत राहिलो. परीक्षितही येऊन लागला, त्याच्या वाट्याला कढई आली. काका गॅरेजच्या उंबऱ्यावर उभे राहून सूचना देत होते. "डावीकडे टाका! वारा बघा!"

"तुम्ही एक शब्द बोलू नका," काकू कडाडल्या.

कंबरडं मोडलं तेव्हा कुठे गाडी मोकळी झाली. पण गाडी रस्त्यावर न्यायची म्हणजे ड्राइव्ह-वेही साफ करायला हवा, म्हणून तोही केला. परीक्षितने गाडी बाहेर काढली. काकांनी दोरी खेचली आणि मशीन असं धडधडलं की मखराची कमान थरथरली. दिवा लागला. ते धूड रुबाबात बाहेर आलं, ड्राइव्ह-वेच्या टोकापर्यंत गेलं आणि थांबलं. काढायला काहीच उरलं नव्हतं.

काकांचा चेहरा बघवेना. हळूच मला म्हणाले, "आश्लेषा, त्यातला थोडा परत टाकतेस का?"

मी काही बोलायच्या आत काकू परात घेऊन पुढे झाल्या. काकांनी घाईघाईने मशीन फुटपाथकडे वळवलं.

आणि ते निघाले. शेजारच्यांचा ड्राइव्ह-वे, त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. बर्फाचं कारंजं उडत होतं. लोक खिडक्यांतून बघत होते, मग कोट चढवून बाहेर येऊ लागले. कोपऱ्यावर पेट्रोल संपलं. इंजीन बंद पडलं की ते धूड तिघांच्याने हलत नव्हतं. आम्ही शोधत पोचलो तेव्हा काका एका अनोळखी घराच्या पायरीवर बसून सूप पीत होते. मांडीवर त्या घरातलं मांजर होतं.

"अगं, हे मिस्टर पापास," त्यांनी काकूंना ओळख करून दिली. "हेसुद्धा पंपवाले! इतकी वर्षं एकाच रस्त्यावर राहतोय आणि आज भेटतोय. कमाल आहे की नाही?"

काकूंनी परात खाली ठेवली आणि मुकाट्याने सूपचा मग हातात घेतला. मार्च संपेपर्यंत तो सगळा रस्ता काकांनी साफ केला. आमच्या अपार्टमेंटवाल्यांनासुद्धा ते बर्फाला हात लावू देईनात.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर सलोनीने हट्टाने दोघांना चँडलरला राहायला नेलं. काकूंनी मखर मंडळाला परत केलं, निम्मी भांडी वाटून टाकली. मशीन मात्र सामानाच्या ट्रकमधून वाळवंटात गेलं. काकांनी कोणाचं ऐकलं नाही. एवढी पारख करून घेतलेली वस्तू टाकायची कशी?

तिथे ते गॅरेजमध्ये निवडुंगाच्या कुंड्यांशेजारी उभं आहे. रविवारी काका ते सुरू करून बघतात. पहिल्याच रविवारी शेजारचे गृहस्थ आवाज ऐकून आले. काकूंनी हा प्रसंग मला फोनवर सांगितला. त्या गृहस्थांचा जन्म तिथलाच, बर्फ फक्त टीव्हीवर बघितलेला. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, कसलं आहे ते विचारलं आणि मग आदराने म्हणाले, "काम चांगलं करतं का?"

"प्रश्नच नाही," काका म्हणाले. "आम्ही इथे आल्यापासून दारात बर्फाचा कणसुद्धा राहिलेला नाही."